शुक्रवारची भिंत

१० नोव्हेंबर, सोमवार

पित्त! दोन रात्री दवाखान्यात काढल्या, छातीला तारा चिकटवून घेतल्या, दंडातून रक्त दिलं, आणि निदान काय — पित्त. तो चष्मेवाला डॉक्टर, वयाने माझ्या भाचीपेक्षा लहान, हसत हसत म्हणतो, "मॅडम, हृदय ठणठणीत आहे तुमचं. रात्रीचा ठेचा तेवढा बंद करा." माझा जन्म टेंभुर्णीचा. ठेच्यावर वाढलेली बाई मी. मला ठेचा बंद कर म्हणणारा हा कोण?

चूक गोजरबाईची. संध्याकाळी भांडी घासायला आली, मी छाती धरून बसलेली दिसले, झालं — हिने गल्लीत अशी बोंब ठोकली की रुग्णवाहिकाच दारात. सगळी गल्ली ओट्यावर आली. भिंतीपलीकडच्या बेकरीवाल्या सिराजोद्दीनने स्वतःची पावाची गाडी ओढून वाट मोकळी केली आणि स्ट्रेचरचं एक टोकही धरलं. हे मी पाहिलं. नोंद घेतली.

आज रिक्षातून उतरले तर पुन्हा तोच मेळा. "काय निघालं बाई?" मी म्हटलं, "बरं आहे आता." बस. पित्तासाठी रुग्णवाहिका आणवली हे कोणत्या तोंडाने सांगू? लोक वर्षभर हसतील.

सिस्टर बेनेडिक्टाने बोर्डिंगमध्ये सवय लावली, ती अजून सुटत नाही. दिवस कसाही जावो, झोपण्याआधी आभार मानण्यासारखं एक तरी लिहायचं. सापडत नसेल तर पलंगाखाली बघ, म्हणायची. आजचे आभार माझ्या हृदयाला. बिचाऱ्यावर उगाच आळ आला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यात एक गोष्ट मात्र चांगली होती. डोक्याशी भिंत होती आणि ती गार होती.

माझ्या झोपायच्या खोलीची मागची भिंत आणि सिराजोद्दीनच्या भट्टीची पाठ एकच. हे घर मी डिसेंबरात पाहिलं. दलाल म्हणाला, "बाई, उबदार घर हाय." मे महिन्यात कळलं उबदार म्हणजे काय! भिंतीला पाठ लावून बसलं तर पाठीवर पापड भाजावा. पलंग फिरवायला जागा नाही — एका बाजूला दार, दुसरीकडे खिडकी, तिसरीकडे कपाट. उशी त्या भिंतीलाच.

पाच वर्षांपूर्वी नगरपालिकेत तक्रार केली होती. तेव्हाचे साहेब मला विचारतात, "भिंत गरम म्हणजे किती गरम? काही आकडा?" मला! वजनमापे निरीक्षक म्हणून मी आयुष्यभर जिल्ह्यातले तराजू तपासत फिरले. केदारखेड्याच्या बाजारातला भाजीवाला असो की मोंढ्यातला अडत्या, मोजल्याशिवाय मी कुणाला चोर म्हटलं नाही. आणि त्या दिवशी माझ्याकडे आकडा नव्हता. नुसती कुरकुर होती. साहेबांनी तडजोड लिहून दिली: आठवड्यातून एक दिवस भट्टी पेटवायची नाही. शुक्रवार. त्याची नमाज, माझी झोप. मोडली तर भट्टीला सील.

तो शब्द त्याने आजवर पाळला. त्याच्या तराजूतही मला कधी काही सापडलं नव्हतं, त्याचीही मला चीडच यायची.

आभार: शुक्रवार परवावर आला.

१६ नोव्हेंबर, रविवार

तृप्ती आली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, इंजिनिअर. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, तुझी भिंत मला दे."

"ने. उचलून ने."

तिचं काम समजून घेतलं. इथल्या लोखंडाच्या कारखान्यांमध्ये जिकडे तिकडे तापलेले पाइप, तापलेले पत्रे. त्यांच्यावर नजर ठेवणारे छोटे सेन्सर लावायचे. पण तिथे वायर ओढता येत नाही आणि सेल बदलायला कोण चढणार? म्हणून ही मुलगी म्हणते, जी उष्णता वाया चाललीय तिच्यावरच सेन्सर चालवू. कारखान्यात लावण्याआधी तिला एक भिंत हवी, महिनोन्‌महिने गरम राहणारी. "अशी भिंत फुकट कुठे मिळणार, मावशी? ती उष्णता नुसती वाया जातेय."

"वाया कुठे जाते? माझ्या डोक्यात जाते."

पिशवीतून एक चकती काढली. क्रीमच्या बिस्किटासारखी — दोन पांढऱ्या पातळ फरश्या आणि मध्ये क्रीमऐवजी काळे कण. एक अंग भिंतीला चिकटवलं. दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियमची फणी लावली, म्हणजे ते अंग खोलीच्या हवेने गार राहील. एक अंग तापलेलं, दुसरं गार, या दोन्हींत फरक असला की चिमूटभर वीज तयार होते.

"चिमूटभर म्हणजे?"

"बल्ब लागणार नाही. पण सेन्सर जगतो. थोडं थोडं साठवतो, पुरेसं झालं की भिंतीचं तापमान मोजून तुझ्या फोनवर पाठवतो, एकदा दिवा लुकलुकवतो आणि परत साठवायला बसतो."

थेंबे थेंबे तळे. हे मला पटलं. पेन्शनवर मीही तशीच चालते.

"आणि मे महिन्यात?"

ती जरा चाचरली. "मे महिन्यात खोलीच तापली तर फरक उरत नाही. मग गप्प बसेल. उष्णतेवर नाही चालत ना हे, फरकावर चालतं."

बघा! मी भाजत असेन तेव्हा माझा साक्षीदार झोपणार. म्हणजे उन्हाळ्याचा गुन्हा थंडीतच शाबीत करायचा. पण डोक्यात एक लख्ख गोष्ट आली. शुक्रवारी हा दिवा गप्प बसला, तर सिराजोद्दीन शब्दाला जागला. लुकलुकला, तर त्याने भट्टी पेटवली. आकडाच हवा होता ना साहेबांना? मिळेल. आणि तोही त्याच्याच लाकडावर!

चकती लावत होतो तेव्हा खिडकीखालच्या बोळात सिराजोद्दीन लाकडं रचत होता. मान वर करून म्हणाला, "बाई, तब्येत कशी हाय आता? हे काय लावून राह्यले?"

तृप्तीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. पोरगी हुशार. म्हणाली, "मावशीसाठी आहे काका. तुमच्या भट्टीच्या उष्णतेवर चालतं. भट्टी गार झाली की हे बंद." खोटं बोलली नाही, खरंही सांगितलं नाही.

त्याने चकतीकडे पाहिलं, खालच्या उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाला. लाकडं तशीच टाकून आत गेला.

आभार: बहिणीने मुलगी शिकवली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लुकलुकला! हिरवा, मोहरीएवढा. माझ्या शत्रूच्या आगीवर माझा दिवा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भाचीचं यंत्र झालं म्हणून काय झालं, तपासल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही. माझा जुना थर्मामीटर भिंतीला लावून बसले. फोनवरचा आकडा आणि माझा आकडा जुळले. शिक्का मारायची सवय हाताला अजून आहे. शिक्का नाही म्हणून कुंकवाचं बोट लावलं फणीच्या कडेला.

थंडी पडू लागली आहे. खुर्ची भिंतीजवळ ओढून पेपर वाचला. दिवा नीट दिसावा म्हणून. गुडघ्यांना बरं वाटलं, तो योगायोग.

आभार: गुडघे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारपासून भिंत उतरत गेली, दिवा मंदावत गेला. संध्याकाळी पार बंद. प्रामाणिक निघाला माणूस. मान्य.

कोपऱ्यावरून दूध घेऊन येताना तो दुकानाच्या पायरीवर उभा. शटर खाली. "बाई, ते तुमचं चालू हाय ना?"

"बंद पडलंय. तुमची भट्टी गार आहे ना आज." मुद्दामच सांगितलं. नजर आहे हे कळू दे.

"पुरा दिवस बंद राहतंय?"

"तुम्ही भट्टी पेटवेपर्यंत."

तो जागच्या जागी उभा राहिला. ओठ हलत होते. हिशेब करत असावा, आता कसं चुकवायचं याचा.

आभार: गार उशी. पण खरं सांगायचं तर उगाच दोनदा उठून शाल घेतली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गोजरबाईने पाव आणला. "बाई, मियांनी येगळा देल्ताय. म्हणले, बाईला ह्योच द्यायचा, दुसरा न्हाई."

तोडला, खाल्ला. मीठ नाही! कापूस चावल्यासारखा. वजनात मला फसवता येत नाही म्हणून आता चवीत. सिराजोद्दीनचा पाव गल्लीत एक नंबर. दिवाळीला अख्खी गल्ली आपापली कणीक आणि तुपाचे डबे घेऊन त्याच्या भट्टीवर नानकटाई भाजून घेते. मीही घेते, का नाही घ्यायची? आणि मला अळणी पाव!

ठेच्याबरोबर खाल्ला. ठेच्याचे आभार.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज बिस्किटं घ्यायला बेकरीत गेले. सिराजोद्दीनने काउंटरमागून स्टूल काढून पुसलं. "बसा बाई, उभ्या राहू नका." मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि मला बसवतोय! मी काय खाटेला खिळलेली म्हातारी आहे? म्हटलं, "मला उभं राहता येतं." तर त्याची बायको मैमूना आतून पाणी घेऊन आली. आणि पावाबद्दल बोलले तर ती म्हणते, "आदत होईल बाई. नमक कमीच बरा."

बरा काय? कोणासाठी बरा?

बिस्किटं मात्र चांगली होती. त्यांत मीठ होतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रागात लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

दुपार झाली तरी दिवा लुकलुकतोय. भिंतीला हात लावला — गरम! चांगलीच गरम. शुक्रवारी!

चपला घालून पलीकडे गेले. शटर खाली. गिऱ्हाईक नाही. पावाचा वास नाही. धुराडं मात्र चालू. बाजूच्या दारातून डोकावले तर एकटा सिराजोद्दीन भट्टीच्या तोंडाशी बसून लाकूड सरकवतोय. एक कामगार नाही, पिठाचा एक गोळा नाही. नुसतं लाकूड जाळतोय. मला पाहून उठला आणि हसून विचारतो, हसून! — "बाई, चालू हाय ना आता?"

"चांगलं चालू आहे," मी म्हटलं. त्याहून जास्त बोलले असते तर बोर्डिंगचे संस्कार सुटले असते.

पाव भाजायचा असता तर समजले असते. लग्नाची ऑर्डर असते, माणूस मोहात पडतो. पण काही न भाजता नुसती आग? ही निव्वळ खोडी आहे. चकती पाहिली आणि हिला धडा शिकवतो म्हणाला. माझा एक दिवस होता आठवड्यातला. एक!

आभार: पलंगाखालीही पाहिलं. नाही सापडले.

३० नोव्हेंबर, रविवार

तृप्तीला आलेख दाखवला. ती खूशच झाली. "मावशी, किती सलग चाललंय! आठवडाभर एकदाही बंद नाही पडलं." तिला तिच्या यंत्राचं कौतुक. मी म्हटलं, बाई, मी भाजतेय त्याचं काय? तर माझ्याकडे बघून हसली. मी खुर्ची भिंतीला लावून, पाठ टेकून, पाय वर घेऊन बसले होते.

"भाजतेयस का, मावशी?"

हा थंडीचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे. भिंत डिसेंबरात आवडते म्हणून मे महिन्यातला अन्याय माफ होत नाही. तडजोड ही तडजोड. मापात पाप नको.

तिच्या यंत्रामुळे तिला कारखान्यात पुढची परवानगी मिळणार म्हणते. त्याचे आभार मनापासून.

५ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लुकलुक. धुराडं चालू, शटर बंद, पावाचा वास नाही.

अर्ज लिहिला. एका पानात. भाषा सभ्य ठेवली, म्हणजे जास्त लागते.

९ डिसेंबर, मंगळवार

अर्ज दिला. सुनावणी पुढच्या मंगळवारी.

एक गंमत. पहाटे त्याचे कामगार पत्र्याचे ट्रे दाणदाण आपटायचे, मी पाच वर्षं ओरडत होते. गेले काही दिवस आवाजच नाही. आज कानोसा घेतला तर सिराजोद्दीन कुणावर तरी दबक्या आवाजात खेकसत होता, "आहिस्ता रे! बाजूला बाई झोपलेली हाय." आत्ता आठवलं याला! अर्जाची कुणकुण लागली असणार.

काही असो, आज सकाळी उजाडेपर्यंत झोप लागली. आभार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

लुकलुक. तिसरा शुक्रवार. आलेख छापून घेतला.

बाहेर कडाक्याची थंडी. गोजरबाई माझ्या भिंतीला पाठ शेकत उभी राहिली. "लई भारी वाटतंय बाई. मियांची भट्टी म्हंजी गल्लीचं हीटर." मी म्हटलं, भांडी घास. ती म्हणाली, "घासते की. मियां तुम्हाला इचारत व्हते, बाई गोळ्या घेत्यात का म्हणून."

माझ्या गोळ्यांशी त्याला काय करायचंय? पित्ताची एक गोळी घेते, तीही आठवली तर.

१६ डिसेंबर, मंगळवार

जिंकले.

साहेब नवीन आहेत, राधेश्याम नाव. आलेख नीट पाहिला. वर बोट ठेवून विचारलं, "हे शुक्रवार?" मी म्हटलं, "तीनही. मधले आकडे मी स्वतः थर्मामीटर लावून पडताळलेत." साहेब म्हणाले, "असा अर्ज पहिल्यांदाच बघतोय, मॅडम." पाच वर्षांपूर्वी आकडा मागणारे तिथे असायला हवे होते.

मग त्यांनी सिराजोद्दीनला विचारलं. तो लोकरीची टोपी हातात चुरगाळत उभा होता.

"शुक्रवारी भट्टी पेटवली?"

"जी साहेब. पेटवली."

"तडजोड माहीत होती?"

"मालूम होती."

"मग कशासाठी? पाव भाजला?"

"न्हाई साहेब."

"मग?"

साहेबांनी पुन्हा विचारलं. "कारण असेल तर सांगा. लिहून घेतो. कारण असलं तर वेगळा विचार करता येतो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी राग ओळखते, सगळी नोकरी दुकानदारांच्या रागासमोर काढली. तो राग नव्हता. लाज असेल. मग खाली बघून म्हणाला, "गलती झाली साहेब. लिहा."

भट्टीला सील. पुढचा आदेश होईपर्यंत. भट्टी दुसरीकडे हलवली तरच परवाना. साहेबांनी सही केली तेव्हा मैमूना बाकावरून उठली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याने हाताने थांबवलं तिला.

बाहेर आल्यावर वाटलं होतं तो भांडेल. मी तयार होते. तो म्हणाला, "बाई, रिक्षा करून जा. पायी नका जाऊ." आणि गेला.

आभार: तृप्तीला, त्या बिस्किटाएवढ्या चकतीला, राधेश्याम साहेबांना, सिस्टर बेनेडिक्टाला जिने मला खरं बोलायला शिकवलं. इतके आभार एका दिवशी कधी लिहिले नव्हते.

१७ डिसेंबर, बुधवार

सील लागलं. लाख, दोरी, सगळं. खिडकीतून पाहिलं.

गल्लीत पाव नाही. पोरं स्टँडवरून पाकिटातला आणून राह्यली, असं गोजरबाई म्हणाली. आणखीही म्हणाली. "बाई, तुम्हाला म्हून सांगते, गल्ली नाराज हाय. पण मियां कुणाला बोलू देईना तुमच्याबद्दल. काल ते पलीकडले दोघं तुम्हाला वाईट बोलू लागले तर म्हणला, 'चूप बसा. बाईला तरास व्हईल असं काही बोलायचं न्हाई, जोरात तर बिलकुल न्हाई.'"

मोठेपणा दाखवतोय. हरलेल्या माणसाला तेवढं एकच उरतं.

पाकिटातला पाव खाल्ला. मीठ होतं. चव नव्हती.

आभार: शांतता. हवी होती, मिळाली.

१८ डिसेंबर, गुरुवार

भिंत दोन दिवसांत उतरली. विटा हळूहळू सोडतात. दिवा आधी थांबून थांबून लुकलुकत होता. दुपारी एकदा लुकलुकला, मग बराच वेळ काही नाही, मग संध्याकाळी एकदा. मी खुर्चीत बसून वाट पाहत होते. मूर्खासारखी.

मग तोही थांबला.

तृप्तीला फोन केला. ती म्हणाली, "हरकत नाही मावशी, मला हवी तेवढी माहिती मिळाली. चकती रविवारी काढून नेते." मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस.

स्वेटर घातला, त्यावर शाल. उशी गार. पाच वर्षं हीच मागत होते ना? आभार, वगैरे.

१९ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी

मैमूना आली होती. हातात शेगडी, निखारे फुललेले, पदराने धरलेली. मी काही विचारायच्या आत सरळ झोपायच्या खोलीत गेली आणि चकतीखाली स्टुलावर शेगडी ठेवली.

"रात्रभर झोप न्हाई आली बाई आम्हाला. भट्टी तर आता पेटत न्हाई. हे म्हणले, निखारे घेऊन जा, त्यांचं बंद पडलं असंल. संध्याकाळी दुसरे आणते."

"काय बंद पडलं असेल?"

तिने माझ्या छातीकडे हात केला. "दवाखान्यातून आल्यावर लावलं ना तुम्हाला. तुमची भाचीच बोलली, भट्टी गार झाली की बंद. पहिल्या शुक्रवारी तुम्हीच सांगितलं यांना, बंद पडलंय म्हणून. तवापासून हे शुक्रवारी एकटे बसून लाकडं घालून राह्यले. म्हणले, एक दिवसाच्या लाकडापायी बाईचं दिल बंद पडलं तर अल्लाला काय सांगू?"

मी भिंत धरली.

"मी बोलले यांना, साहेबाला खरं सांगा. सुटका होईल. तर म्हणले, बाईंनी गल्लीत कुणाला सांगितलं न्हाई. बाईमाणसाची बीमारी मी चार लोकांत कशी काढू?"

पदराने माझ्या खुर्चीवरची राख झटकून ती गेली. निखारे तिच्या घरच्या चुलीतले आहेत. भट्टीला तर सील आहे.

चकती तापली. दिवा लुकलुकतोय.

कार्यालय उघडलं की अर्ज मागे घेणार. कारण असलं तर वेगळा विचार करता येतो, साहेबच म्हणाले होते. पण त्याआधी पलीकडच्या दारात जायचं आहे. माझं हृदय ठणठणीत आहे, हे त्याला सांगायचं आहे.

एवढंच वाक्य आहे. चपला घालून उंबऱ्यावर बसले आहे.